हृदयरोग : नवें संशोधन व आपलें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत, आजारी व वृद्ध यांच्यासाठीं अर्पिलेल्या मिस्सेनंतर धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या आठवड्यांत आपण पुष्कळ गोड गोष्टी ऐकिल्या. देवळाचा पाया कसा घातला गेला, पहिली घंटा कोणीं दिली, शाळेचे पहिले गुरुजी कोण होते, हें सर्व इतर वक्त्यांनीं आमच्याहून रसाळ वाणीनें सांगितलें आहे. आमच्या वांट्यास आजचा, म्हणजे आजाऱ्यांचा दिवस आला. तेव्हां गोड बोलण्यापेक्षां उपयोगाचें बोलावें, असें आम्हीं योजिलें आहे.

स्मरणिकेसाठीं जुनी माहिती काढतांना धर्मग्रामाची मृत्युनोंदवही पानापानानें चाळावी लागली. पहिल्या वर्षांच्या पानांवर ताप, विषमज्वर, कावीळ, क्षय, बाळंतपण अशीं कारणें दिसतात. जसजसें अलीकडे यावें तसतशीं तीं विरळ होत जातात, आणि त्यांच्या जागीं एकच वाक्य पुनःपुन्हां येऊं लागतें : ‘हृदयक्रिया बंद पडून.’ शेजारच्या रकान्यांत वय लिहिलेलें असतें. ७५, ८० असे आंकडे असले म्हणजे मनुष्य निमूटपणें पान उलटतो. परंतु ४६, ५१, ५४ असें वाचलें म्हणजे त्या त्या घराचें दार डोळ्यांपुढें उभें राहतें. लग्नाची राहिलेली मुलगी, न फिटलेलें कर्ज, अर्धवट बांधलेली भिंत. आणि अशा प्रत्येक प्रेतयात्रेंत आम्हीं तेंच बोलणें ऐकिलेलें असतें : ‘काल सांजेपर्यंत वाडींत पाणी लावीत होता हो! अकस्मात् गेला. देवाची मर्जी!’

देवाच्या मर्जीविषयीं बोलण्याचें काम धर्मगुरूचें आहे. म्हणून आम्ही हें स्पष्ट सांगतों कीं, ह्या बोलण्यांतील ‘अकस्मात्’ हा शब्द बहुतेक वेळां खरा नसतो, आणि ‘देवाची मर्जी’ हे शब्द फार घाईनें उच्चारलेले असतात. गेल्या पाऊणशें वर्षांत वैद्यकांतील विद्वानांनीं ह्या रोगाचा जो शोध लाविला आहे, त्यावरून एवढें तरी निश्चित ठरलें आहे कीं, हृदयविकाराचा झटका एका रात्रींत येत नाहीं. त्याची तयारी वीस वीस, तीस तीस वर्षें चाललेली असते.

ही तयारी कोठें व कशी होते, तें आधीं पाहूं. हृदय हें मुठीएवढें स्नायूचें इंद्रिय. साऱ्या देहाला तें रक्त पुरवितें. पण त्याच्या आंतून वाहणाऱ्या रक्तावर त्याचें स्वतःचें पोट भरत नाहीं. त्याला स्वतःला रक्त देणाऱ्या निराळ्या बारीक वाहिन्या त्याच्या अंगावरून गेलेल्या असतात. ह्या वाहिन्यांच्या आंतल्या अस्तरांत कोलेस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ हळूहळू सांचतो, तेथें सूज येते व गांठीसारखा थर होतो. वाडींतल्या पाटाच्या कडेला गाळ धरावा तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, हा गाळ पाण्याच्या बाजूला नसून भिंतीच्या आंत असतो. पुष्कळ वर्षें कांहींच कळत नाहीं. मग एके दिवशीं त्या थराचें पातळ आवरण फाटतें, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद होते, आणि तिच्या पलीकडचा स्नायु उपाशीं मरूं लागतो. ह्यालाच आपण झटका म्हणतों.

हें म्हातारपणाचें दुखणें, असें कोणास वाटत असेल तर त्यानें कोरियाच्या युद्धाची गोष्ट ऐकावी. त्या युद्धांत मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें डॉक्टरांनीं उघडून पाहिलीं व १९५३ सालीं आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सैनिकांचें सरासरी वय २२ वर्षांचें होतें. निवडून घेतलेले, धडधाकट तरुण. त्यांपैकीं ७७ टक्क्यांच्या वाहिन्यांत ह्या रोगाचीं चिन्हें कमी-अधिक प्रमाणांत सांपडलीं.

परंतु कोणाच्या वाहिन्यांत तो वाढतो व कोणाच्या वाढत नाहीं, हें प्रेतें उघडून कळण्याजोगें नव्हतें. त्यासाठीं जिवंत माणसांवर वर्षानुवर्षें नजर ठेवणें भाग होतें. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन वारले. त्यांचा रक्तदाब १९४१ सालींच १८८ व १०५ इतका मोजला गेला होता. मरणाच्या दिवशीं वरचा आंकडा ३०० वर गेला. जगांतील बलाढ्य राष्ट्राचा अध्यक्ष, उत्तमोत्तम डॉक्टर उशापायथ्याशीं, आणि तरी उपाय कांहीं नाहीं! त्या काळीं पुष्कळ डॉक्टरांची समजूतच अशी होती कीं, वयाबरोबर रक्तदाब वाढणें हें साहजिक आहे. पुढें १९४८ सालीं त्या देशांत हृदयरोगाच्या संशोधनाचा कायदा झाला, आणि बॉस्टनपासून वीसेक मैलांवर असलेल्या फ्रॅमिंगहॅम नांवाच्या गांवांत एक विलक्षण काम सुरू झालें. गांवांतील ५,२०९ स्त्रीपुरुषांनीं, धडधाकट असतांना, दर दोन वर्षांनीं आपली तपासणी करून घेण्याचें कबूल केलें. रक्तदाब, रक्तांतील चरबी, वजन, विडीसिगरेट, सारें लिहून ठेवावयाचें, आणि कोण आजारी पडतो याची वाट पाहावयाची. १९७१ पासून त्यांचीं मुलें व २००२ पासून नातवंडें त्यांत सामील झालीं. त्या नोंदींतून हळूहळू दिसूं लागलें कीं, ज्यांचा रक्तदाब चढलेला, ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक, जे सिगरेट ओढतात, जे मधुमेही आहेत, तेच अधिक बळी पडतात. आज हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक आहे. परंतु तें कोणत्या गांवानें स्वतःला उघडें करून जगाला शिकविलें, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. ख्रिस्तसभेनें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन करावें अशी आज्ञा घातली आहे, आणि ती पाळणारे आपण त्याच वर्षांत एकदांहि रक्तदाब मोजून घेत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां कोणी म्हणेल, ‘फादर, तें गोऱ्या लोकांच्या गांवांतलें. आम्ही भात-मासळी खाणारे, कष्ट करणारे. आमचें निराळें.’ ही शंका शास्त्रज्ञांनाहि होती, आणि तिचें उत्तर देणारा मनुष्य आपल्याच देशांत जन्मला. डॉ. सलीम युसुफ हे मूळचे केरळचे. त्यांचें वैद्यकीय शिक्षण बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजांत झालें. हें कॉलेज भारतांतील कॅथॉलिक बिशपांनीं १९६३ सालीं काढलें. भारतांत कॅथॉलिक मेडिकल कॉलेज असावें हें स्वप्न प्रथम पाहणाऱ्यांत सिस्टर मेरी ग्लॉरी ह्या डॉक्टर-संन्यासिनी होत्या. त्या ऑस्ट्रेलियाहून येऊन गुंटूर येथें दवाखाना चालवीत असत, व १९४३ सालीं त्यांनीं देशांतील कॅथॉलिक रुग्णालयांचा संघ स्थापिला. कॉलेज उघडण्याआधींच, १९५७ सालीं, त्या बंगलोरलाच वारल्या. रविवारच्या थाळींत टाकलेला आणा कोठें जातो असें विचारणारांसाठीं हें मुद्दाम सांगितलें.

असो. डॉ. युसुफ व त्यांचे सहकारी यांनीं ५२ देशांतील, झटका आलेल्या सुमारे १५,००० व न आलेल्या तितक्याच माणसांची तुलना केली. ‘इंटरहार्ट’ ह्या नांवानें ती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा : तंबाखू, रक्तांतील चरबीचें वाईट प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळें-भाजी न खाणें, अंगमेहनत नसणें आणि मद्यासंबंधीची संवय, ह्या नऊ गोष्टींतच जगभरच्या झटक्यांपैकीं बहुतेकांचें मूळ आहे; पुरुषांत ९० टक्के, स्त्रियांत ९४ टक्के. देश कोणताहि असो, वर्ण कोणताहि असो. आणि आपल्याविषयीं त्यांत एक दुःखद गोष्ट आढळली. हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ येथील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो. इतर देशांत तो ५८·८ व्या वर्षीं येतो. जवळजवळ सहा वर्षें आधीं! आमच्या नोंदवहींतले ते ५१ आणि ५४ चे आंकडे येथें येऊन मिळतात. आणि कारण कांहीं गूढ नव्हे : तेच नऊ दोष आपल्या लोकांत लहान वयांत शिरतात.

ह्याच अभ्यासांतून दोन गोष्टी आमच्या माणसांच्या फार कामाच्या निघाल्या, म्हणून त्यांवर थोडें थांबतों. एक तंबाखूची. विडी ही सिगरेटपेक्षां सौम्य नाहीं. आणि जे ओढीत नाहींत, नुसती चघळतात, त्यांचाहि धोका दुपटीहून अधिक. दोन्ही करणारांचा चौपट. तेव्हां ‘मी ओढीत नाहीं, फक्त दाढेखालीं धरतों’ हें समाधान खोटें आहे, आणि मशेरी लावणाऱ्या आमच्या मावशींनींहि तें मनावर घ्यावें. दुसरी गोष्ट पेल्याची. थोडी घेतली तर काळजाला बरी, असें ऐकून आमच्यापैकीं पुष्कळांना मोठा आनंद झाला होता, आणि तें वाक्य सणासुदीला आम्हांलाहि ऐकविण्यांत आलें आहे. आपल्या ह्या पांच देशांच्या लोकांत मद्यापासून हृदयाला असा लाभ त्या अभ्यासांत मुळींच दिसला नाहीं. आतां पेला घेणारानें दुसरें निमित्त शोधावें. वैद्यकाच्या नांवावर तो चालणार नाहीं.

कारणें कळलीं, पण औषध? येथें आम्हांस एका जपानी शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अकिरा एंडो हें त्याचें नांव. २०२४ सालीं तो वारला. पेनिसिलिन बुरशीपासून निघालें हें त्याला लहानपणापासून ठाऊक होतें, व बुरशींचें त्याला वेडच होतें. त्यानें विचार केला कीं, एक बुरशी दुसऱ्या जंतूंशीं लढण्यासाठीं कदाचित् असें कांहीं द्रव्य निर्माण करीत असेल कीं ज्यानें कोलेस्टेरॉल तयार होणेंच थांबेल. १९७१ पासून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सुमारे सहा हजार बुरशी एकेक करून तपासल्या. दोन वर्षें गेलीं. अखेर १९७३ सालीं जें हवें होतें तें सांपडलें, कोठें म्हणाल? क्योटो शहरांतील एका धान्याच्या दुकानांतून आणलेल्या तांदुळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशींत! तांदूळ बुरसला म्हणजे आपण उकिरड्यावर टाकतों. जवळजवळ त्याच वेळीं अमेरिकेंत ब्राउन व गोल्डस्टाईन ह्या दोघांनीं, यकृत रक्तांतील कोलेस्टेरॉल कोणत्या दारानें आंत ओढून घेतें, तें शोधून काढलें. त्यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एंडोंच्या द्रव्याच्या जातीचीं जीं औषधें पुढें निघालीं त्यांना स्टॅटिन म्हणतात. तीं यकृतांत कोलेस्टेरॉल घडूं देत नाहींत. मग यकृत आपलीं दारें वाढवितें व रक्तांतील कोलेस्टेरॉल उचलून घेतें. १९९४ सालीं युरोपच्या उत्तरेकडील देशांतील ४,४४४ हृदयरोग्यांवरील परीक्षेचा निकाल लागला. अर्ध्यांना असें औषध दिलें, अर्ध्यांना दिसायला तशीच पण निर्गुण गोळी. पांच-साडेपांच वर्षांत निर्गुण गोळीवाल्यांत २५६ माणसें मेलीं, औषधवाल्यांत १८२. चौऱ्याहत्तर कुटुंबांच्या घरचा कर्ता वा गृहिणी वांचली, असा त्याचा अर्थ.

आमच्या धर्मग्रामांत ह्याच गोळ्या कित्येकांच्या फळीवर पडलेल्या आहेत. तीन महिने घेतल्या, तपासणी बरी आली, बंद केल्या. ‘बरें वाटतें, मग कशाला?’ बरें वाटतें तें गोळीमुळें, आणि हा रोग तर बरें वाटतांनाच वाढतो, हें आतां सांगून झालें आहे. गोळी सोसत नसेल, अंग दुखत असेल, तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी; शेजाऱ्याच्या सल्ल्यानें बंद करूं नये.

आतां प्रत्यक्ष झटक्याकडे वळतों, आणि आजचें आमचें खरें बोलणें येथूनच आहे. वाहिनींतील गुठळी ही झटक्याचें कारण कीं झटक्यानंतरचा परिणाम, यावर डॉक्टरांत पुष्कळ वर्षें वाद होता. १९८० सालीं अमेरिकेंतील स्पोकेन येथें डॉ. डीवुड व त्यांचे सहकारी यांनीं झटका चालू असतांनाच वाहिन्यांचीं चित्रें घेतलीं. पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकीं ८७ टक्के रोग्यांची वाहिनी पूर्ण बंद आढळली. वाद मिटला. गुठळी हें कारण असेल तर ती विरघळविली पाहिजे. १९८६ सालीं इटलींतील डॉक्टरांनीं ११,००० हून अधिक रोग्यांवर स्ट्रेप्टोकायनेज ह्या गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची परीक्षा केली. दुखूं लागल्यापासून एका तासाच्या आंत ज्यांना तें मिळालें त्यांच्यांत मृत्यु ४७ टक्क्यांनीं कमी झाले. तीन तासांच्या आंत मिळालें तर २३ टक्क्यांनीं. तीन ते सहा तासांत मिळालें तर १७ टक्क्यांनीं. औषध तेंच, रोग तोच; फरक घड्याळाचा. दोन वर्षांनीं १७,१८७ रोग्यांच्या दुसऱ्या एका परीक्षेंत असें दिसलें कीं, साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी, जी आपण डोकेदुखीला घेतों, तीसुद्धां अशा वेळीं मृत्यु जवळजवळ चौथाईनें कमी करते. आणि दोन्ही औषधें मिळून ४२ टक्क्यांनीं. आज जेथें सोय आहे तेथें अँजिओप्लास्टी करून वाहिनी तात्काळ उघडतात व आंत स्टेंट म्हणजे जाळीची नळी बसवितात, तें त्याहूनहि चांगलें. परंतु तिलाहि घड्याळाचा नियम चुकलेला नाहीं.

(येथें एक सूचना. अ‍ॅस्पिरिन चांगली, म्हणून धडधाकट माणसानें रोज घेत सुटूं नये. २०१८ सालीं १९,००० हून अधिक निरोगी वृद्धांवरील परीक्षेंत रोजच्या गोळीनें हृदयाचा लाभ दिसला नाहीं, रक्तस्राव मात्र वाढला. ज्याला डॉक्टरांनीं सांगितली त्यानेंच रोज घ्यावी.)

हे तास आपल्या देशांत कसे जातात? हें मोजण्याचें काम बंगलोरच्या त्याच सेंट जॉन्स कॉलेजांतील डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस व त्यांचे सहकारी यांनीं केलें. देशांतील ५० शहरांच्या ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रोग्यांची नोंद करून तो वृत्तांत त्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केला. दुखूं लागल्यापासून रुग्णालयाच्या दारांत पोंचेपर्यंत मधल्या रोग्याला किती वेळ लागला? ३६० मिनिटें. सहा तास! म्हणजे इटलीच्या डॉक्टरांचा तो मोलाचा पहिला तास, दुसरा, तिसरा, सारे घरींच संपले. कशांत संपले हें आम्हांस कोणीं सांगावयास नको. सोडा पिण्यांत, ओवा चघळण्यांत, छातीला बाम चोळण्यांत, ‘गॅस झाला असेल’ ह्या वाक्यांत, मुंबईहून मुलगा येण्याची वाट पाहण्यांत, रात्रीं गाडीवाल्याला कसें उठवावें ह्या संकोचांत. छातीच्या मध्यभागीं दाब, तो डाव्या हातांत, जबड्यांत किंवा पाठींत जाणें, थंड घाम, दम लागणें. ह्यांतलें कांहीं पंधरा-वीस मिनिटें टिकलें तर तो गॅस नव्हे असेंच धरून चालावें. बायकांना व मधुमेह्यांना कधींकधीं छातींत फारसें दुखतहि नाहीं. नुसता गळाठा, मळमळ व दम लागतो. आणि आमच्या घरांतील आई तर स्वयंपाक आटोपल्याशिवाय आपलें दुखणें सांगतच नाहीं.

त्याच वृत्तांतांतील दुसरी गोष्ट आम्हांस त्याहून अधिक टोचते. त्यांनीं रोग्यांची श्रीमंत, मध्यम, गरीब अशी विभागणी केली. झटक्यानंतरच्या तीस दिवसांत श्रीमंतांपैकीं शेंकडा ५·५ मेले, गरिबांपैकीं शेंकडा ८·२. गरीब अशक्त असतात, त्यांचा रोगच अधिक वाईट असतो, असें म्हणून आपण मोकळे झालों असतों. पण ह्या डॉक्टरांनीं हिशेब आणखी पुढें नेला. वाहिनी उघडण्याची शस्त्रक्रिया श्रीमंतांत शेंकडा १५ जणांची झाली, गरिबांत शेंकडा २. कोलेस्टेरॉलची गोळी श्रीमंतांत शेंकडा ६१ जणांना मिळाली, गरिबांत शेंकडा ३६. आणि उपचारांतील हा फरक हिशेबांत धरल्याबरोबर मृत्यूंतील फरक नाहींसा झाला! म्हणजे गरिबाचें हृदय निराळें नव्हे, रोग निराळा नव्हे, उपचार निराळा. उपचार सारखा मिळता तर तो श्रीमंताइतकाच जगता. आतां अशा मृत्यूला देवाची मर्जी म्हणणें, म्हणजे माणसांचा दोष देवाच्या माथीं मारणें होय. आम्हांला पवित्र वेदीपुढें उभें राहून तें म्हणवत नाहीं.

सिराकच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्य हाहि देवानेंच निर्माण केला आहे, औषधें देवानें भूमींतून उत्पन्न केलीं आहेत, व शहाणा मनुष्य त्यांचा तिरस्कार करीत नाहीं, अशा अर्थाचा उपदेश आहे. बुरसलेल्या तांदुळाची गोष्ट वाचतांना आम्हांस तो अध्याय आठवला. तेथें आजाऱ्यानें प्रार्थना करावी असेंहि सांगितलें आहे, आणि वैद्याला जागा द्यावी असेंहि. दोन्ही एकाच अध्यायांत आहेत. ‘नोव्हेना चालू आहे, गोळ्या कशाला’ असें म्हणणारानें तो अर्धाच वाचला.

ह्याच अनुषंगानें एक गोष्ट बोलून टाकतों. रात्रीं-अपरात्रीं छातींत दुखूं लागलें म्हणजे कांहीं घरांत प्रथम आमच्याकडे माणूस धांवतो. आम्ही येऊं, तेल घेऊन, पायीं, पावसांतसुद्धां येऊं. पण आधीं १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवा, नाहींतर शेजाऱ्याची रिक्षा काढा, आणि मग आम्हांस निरोप द्या. आम्ही रुग्णालयांतच येऊन भेटूं. आजाऱ्यांचा अभ्यंग हा मरणाऱ्याचा संस्कार अशी जुनी समजूत अजून घरोघरीं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ती दूर सारली, व १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं नवा विधि घालून दिला. हा संस्कार सर्व गंभीर आजाऱ्यांसाठीं, त्यांना बळ व धीर मिळावा म्हणून आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेस जाणारानें आदल्या दिवशीं तो अवश्य घ्यावा. झटका आलेल्याला मात्र त्यासाठीं घरीं अडकवून ठेवूं नये. एका घरीं आम्ही पोंचलों तेव्हां रोगी खाटेवर, मेणबत्त्या लागलेल्या, रोझरी चाललेली, आणि दारांत उभी असलेली गाडी ‘फादर येऊन जाऊं देत’ म्हणून थांबविलेली होती. त्या वेळीं आम्ही तेलाचा प्रार्थनाविधि गाडींत बसून केला.

झटक्यावांचून, नुसतें चालतांना छातींत दुखणारे जे रोगी आहेत, त्यांची गोष्ट निराळी आहे, आणि तेथें घाई नको. कोणी जमीन विकावयास निघतो, कोणी मुलीचे दागिने गहाण टाकतो, कां तर ‘लगेच स्टेंट घाला’ असें कोणीं सांगितलें. ३७ देशांतील ५,१७९ स्थिर रोग्यांवरील परीक्षेचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत औषधें नीट घेणाऱ्यांपेक्षां, औषधांबरोबर आरंभींच स्टेंट वा बायपास करून घेणाऱ्यांचे मृत्यु कमी झालेले दिसले नाहींत. फार दुखणाऱ्याला आराम मात्र अधिक पडला. कांहींची मुख्य वाहिनीच अडलेली असते, त्यांना शस्त्रक्रिया हवीच. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, अशा वेळीं दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावें, सावकारापूर्वीं घ्यावें. सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें स्टेंटची किंमत बांधून दिली आहे, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत हृदयाचे उपचारहि बसतात, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यासाठीं शिधापत्रिका व आधारपत्र एका पिशवींत घालून दाराजवळ खुंटीला लावून ठेवावें. मध्यरात्रीं पेटी धुंडाळण्यांत अर्धा तास जातो.

आतां महोत्सवाच्या निधीविषयीं. देवळाचा दर्शनी भाग नव्यानें रंगवावा अशी सूचना आहे, आणि ती चांगली आहे. परंतु आपल्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे येणाऱ्या अर्जांत महिन्याच्या गोळ्यांसाठीं केलेले अर्ज किती, हें त्या मंडळींना विचारा. ज्या विधवेला दोन गोळ्यांऐवजीं एकीवर भागवावें लागतें, तिची नोंद उद्यां आमच्या वहींत कोणत्या रकान्यांत होईल, हें वर आलेंच आहे. धर्मग्राम परिषदेनें रंगाचा खर्च एक वर्ष पुढें ढकलून त्या पैशांतून औषधनिधि उघडावा, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहों. मतभेद होईल, होऊं द्या. देऊळ रंगाशिवाय एक पावसाळा काढील.

पैशाविण करण्याजोगेंहि पुष्कळ आहे. सेंट जॉन्सच्या त्याच मंडळींनीं १४ रुग्णालयांतील, झटक्यांतून वांचलेल्या ८०६ रोग्यांवर एक प्रयोग केला व २०१६ सालीं तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या रोग्यांना नेहमींची व्यवस्था. उरलेल्यांकडे थोडें शिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते अधूनमधून जात, गोळ्या मोजत, तंबाखूची चौकशी करीत, चालावयास सांगत. डॉक्टर नव्हेत, नर्स नव्हेत. वर्षाअखेर ह्या दुसऱ्या गटांतील लोक गोळ्या अधिक नियमानें घेत होते, आणि तंबाखू सोडणें, चालणें ह्यांत तर दोन गटांत पुष्कळच अंतर पडलें. असे कार्यकर्ते आपल्याकडे नाहींत काय? प्रत्येक वाडींत महिला मंडळाच्या भगिनी आहेत. रोझरीसाठीं घरोघरीं जाणाऱ्या ह्याच भगिनींनीं रोझरी संपल्यावर ‘काका, गोळी घेतली का?’ एवढें विचारलें तरी फार झालें.

आरंभ पुढील रविवारपासून करावयाचा आहे. दोन्ही मिस्सांनंतर शाळेच्या पहिल्या वर्गांत रक्तदाब मोजण्याची सोय केली आहे. आपल्या धर्मग्रामांतील दोन नर्सभगिनींनीं तें काम आपणहून अंगावर घेतलें आहे, आणि पुढें दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तें चालेल. चाळिशी उलटलेल्या सर्वांनीं यावें. तिशींतले, ज्यांच्या वडिलांना लहान वयांत झटका आला, त्यांनींहि यावें. यंत्र एकच आहे, तेव्हां रांग लागेल. जे गोळ्या घेत असतील त्यांनीं त्यांची पाकिटें, रिकामीं झालीं असलीं तरी, बरोबर आणावीं. उपाशीं राहण्याचें कारण नाहीं. मात्र येण्यापूर्वीं अर्धा तास तरी चहा, विडी व तंबाखू घेऊं नये, नाहींतर आंकडा खोटा येतो.